जर्मनीच्या साहेबाला आतोबांचं पत्र

आमच्या आतोबांइतका यंत्रांवर अविश्वास आणि माणसांवर जीव असलेला माणूस साऱ्या नगर जिल्ह्यात दुसरा झाला नाही. माझ्या थोरल्या आत्याचे हे यजमान श्रीरामपूरजवळच्या एका साखर कारखान्यात फिटर होते. एसटीत चढले की आधी संकटकाळचं दार उघडून बघत. राहुरीला एकदा ते उघडलं ते मिटेचना आणि गाडी तासभर खोळंबली. माझ्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना त्यांना मांडवातली बत्ती डुलताना दिसली. "आधी ती बांधा, मग मंगलाष्टकं," म्हणून त्यांनी भटजींना थांबवलं. मुहूर्त टळला. आत्या म्हणाली, "ह्यांना लग्नाला न्हाई, नुसता मांडव तपासायला बोलवायचं."

त्याआधीची, एकाहत्तरच्या हंगामातली गोष्ट. कारखान्यात साखर आणि मळी वेगळी करणारी नवी यंत्रं जर्मनीहून आली. आतला ढोल गरगर फिरत असतानाही त्यांचं झाकण उघडायचं. पंधरवड्यात किसन नावाच्या कामगाराची दोन बोटं गेली. मॅनेजर म्हणाले, "त्यानंच हात घातला."

"मंग झाकन कशाला हाय? शोभेला?" आतोबांनी विचारलं.

सरकारी कारखाना निरीक्षक आले, तर मॅनेजरांनी सांगितलं, तिकडे यंत्र असंच बनतं. निरीक्षक भले होते, पण खरंखोटं करायला जर्मनीला कसे जाणार?

आतोबांनी यंत्रावरच्या पाटीवरून कंपनीचं गाव उतरवून घेतलं आणि मला पुढ्यात बसवलं. मी तेव्हा बी.ए.ला इंग्रजी घेतलं होतं. "लिही. तुमच्या गावच्या यंत्रानं आमच्या गावचा मानूस जायबंदी केला. तिथं तुमी असं झाकन चालू देता का? आन् खाली आपल्या निरीक्षकाचा पत्ता घाल."

"पण पाठवायचं कुणाला?"

"तिथल्या निरीक्षकाला. जिथं कामगार, तिथं त्यो असनारच."

हे कळल्यावर मॅनेजरांनी त्यांना यंत्रावरून काढून उसाच्या गाड्यांपाशी उन्हात उभं केलं. "माफी मागा, परत घेतो."

"किसनाची माफी तुमी मागा, मग बघू," म्हणून आतोबा डोक्याला टॉवेल गुंडाळून रोज उन्हात जात राहिले. घरी आत्या रडायची.

दोन महिन्यांनी, हंगाम ऐन भरात असताना, उत्तर आलं. ढोल थांबेपर्यंत झाकण उघडूच नये असा खटका त्यांच्या देशात सक्तीचा होता. आपल्याकडे पाठवताना कंपनीनं तो गाळला होता. पत्रासोबत खटक्याचा नकाशा होता, आणि त्याची प्रत तिथल्या साहेबानं परस्पर आपल्या निरीक्षकांनाही धाडली होती. ते ती प्रत घेऊनच कारखान्यात शिरले. "खटका बसेपर्यंत एकही यंत्र फिरणार नाही." उसाच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली. शेवटी मॅनेजर स्वतः उन्हात आले आणि आतोबांना आत घेऊन गेले. नकाशा बघून खटके आतोबांनीच बसवले. सगळे त्यांची पाठ थोपटत होते, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "किसनाला उशीर झाला."

निवृत्तीनंतर पुष्कळ वर्षांनी मी त्यांना कारखाना बघायला घेऊन गेले. त्यांना ओळखणारं तिथं कुणी उरलं नव्हतं. एक नवा कामगार झाकणावर थापा मारत करवादत होता, "कोन्या येड्यानं हा खटका बसवलाय? लई खोळंबा करतो!" मी काही बोलणार, तोच आतोबांनी माझा हात दाबला. ढोल पुरता थांबेपर्यंत तो शिव्या घालत राहिला आणि आतोबा, डोळे भरलेले, त्या ऐकत उभे राहिले.