सगळ्यात वाईट खोली

कुठल्याही हॉटेलात पाऊल टाकलं की सुनंदाताई सामंत पहिलं वाक्य एकच बोलायच्या, "तुमची सगळ्यात वाईट खोली दाखवा." मालक आधी हसायचा, मग गोंधळायचा आणि मग आपल्याकडे वाईट खोली नाहीच असं छातीठोकपणे सांगायचा. ताई पर्स मांडीवर घेऊन तिथेच बसून राहायच्या. दहा मिनिटांत किल्ली यायची. त्या खोलीत शिरून त्या चपला काढायच्या, चारही भिंतींना तळहात लावून बघायच्या, उशी नाकाशी धरायच्या, खिडकी उघडून परत लावायच्या आणि मुक्कामही तिथेच करायच्या. "चांगली खोली काय, कोणीपण चांगली ठेवतो गं," असं त्या मला म्हणायच्या. "गर्दीच्या दिवसांत आपल्या माणसांच्या वाट्याला जी येणार, ती बघायला नको?"

मुलुंड पूर्वेला, दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये ताई सहलींचं काम करायच्या. पन्नाशीत नोकरी सोडून त्यांनी ते सुरू केलं होतं. बसभर माणसं न्यायची, शिट्टी वाजवून परत मोजायची, असलं काम त्यांना नको होतं. एखादं जोडपं, एखादं कुटुंब यायचं आणि ताई त्यांना देशभरातल्या लहान लहान जागा शोधून द्यायच्या. कच्छमधली मातीची गोल घरं, वायनाडच्या कॉफीच्या मळ्यातला बंगला, ब्रह्मपुत्रेतल्या बेटावरच्या बांबूच्या खोल्या. दहाच्या वर खोल्या असल्या की जागा बाद. मालक स्वतः तिथे राहत नसला तरी बाद. मी त्यांच्याकडे लागले तेव्हा सव्वीस वर्षांची होते, आणि हे काम म्हणजे फोटो बघून फोन करणं, एवढीच माझी समजूत होती. पहिल्या दिवशी मी त्यांना मॅडम म्हटलं. "मॅडम नको, शाळेत आल्यासारखं वाटतं. ताई म्हण. आणि आधी चहा टाक, मग शिकवते."

शिकवणं म्हणजे त्यांचं बोलणं ऐकत बसणं. पवईच्या कुठल्याशा ऑफिसातलं एक तरुण जोडपं आलं होतं, त्यांना बुटीक हॉटेलच हवं होतं. "बुटीक म्हणजे आमच्याकडे ब्लाउज शिवून मिळतात," ताई गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या. मुलाने मोबाइलवर फोटो दाखवला, निळाशार समुद्र आणि पांढरा पलंग. "फोटोत समुद्र दिसतोय म्हणजे खोलीतून दिसतो असं नाही रे. हा फोटो गच्चीवरून काढलाय. पलंग खालच्या मजल्यावर आहे." मग त्यांनी विचारलं, "तुमचं भांडण झालं तर तुम्ही बोलता की गप्प बसता?" दोघं एकमेकांकडे बघायला लागली. "गप्प बसता ना? मग व्हरांडा हवा. एकाने आत बसायचं, एकाने बाहेर." त्या दोघांनी व्हरांडा असलेली जागा घेतली आणि पुढे ती दरवर्षी येत राहिली.

सत्तरीतल्या गृहस्थांना त्या बेधडक विचारायच्या, रात्री किती वेळा उठता? उंबरठा उंच असला तर चालेल का? बायकोला घोरण्याचा त्रास होतो का? माणसं आधी अवघडायची, मग भडाभडा बोलायची. राजस्थानातली हवेली कितीही देखणी असली तरी तिच्या पायऱ्या गुडघाभर उंचीच्या, डोंगरात गरम पाणी बादलीने येणार, केरळातल्या लाकडी घरात वरच्या मजल्यावर कोणी कूस बदलली की खालच्याला कळणार. हे सगळं त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. "देश एवढा मोठा, त्याला एक नियम लावून कसं चालेल? आधी माणूस बघ. मग गाव. खोली सगळ्यात शेवटी," असं त्यांचं म्हणणं.

या सगळ्याची एक जाडजूड वही होती. प्रत्येक जागेला एक पान. त्यात खाणं, पाणी, पायऱ्या, वाईट खोली असे रकाने, आणि शेवटचा रकाना, "झोपलं कोण". तिथे जवळजवळ प्रत्येक पानावर एकच शब्द असायचा, "मी". जिथे कोणी झोपलेलं नाही, ती जागा वहीत नाही. आणि वहीत नाही तिथे माणूस पाठवायचा नाही, मग तो कितीही मागे लागू दे.

तिसऱ्या वर्षी ताईंनी मला एकटीला कुमाऊँमधल्या एका आठ खोल्यांच्या घरी पाठवलं. मला केवढा आनंद झाला होता! आठ तास जीपमध्ये आदळत मी पोहोचले, तेव्हा हातपाय थंडीने बधिर झाले होते. शिकल्याप्रमाणे मी वाईट खोली मागितली. मालक भला माणूस होता. तळमजल्यावरच्या मागच्या खोलीचं दार त्याने उघडलं आणि म्हणाला, "ये तो हम किसीको देतेही नहीं." वरच्या खोलीत शेगडी पेटलेली होती आणि खिडकीत हिमशिखरं. मी वर झोपले. मागच्या खोलीच्या भिंतीला मी हातसुद्धा लावला नाही. मुलुंडला आल्यावर वहीत लिहिलं, "वाईट खोली ठीक". शेवटच्या रकान्यात माझं नाव लिहिताना तर मला अभिमान वाटला होता.

मे महिन्यात घाटकोपरचे दातारकाका आणि काकू तिथे गेले. घर भरलेलं होतं, त्यांना मागची खोली मिळाली. भिंतीला ओल होती आणि काकांना दमा होता. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना श्वास घेता येईना, जीपमधून डोंगर उतरवून इस्पितळात न्यावं लागलं. काकांच्या जिवावरचं टळलं. काकूंचा फोन ताईंनीच घेतला. फोन ठेवून त्यांनी वही उघडली, ते पान काढलं आणि माझ्याकडे बघितलं. एरवी मुंबईची मराठी बोलणाऱ्या ताई मनातून हलल्या की मालवणीवर यायच्या.

"गो चेडवा, खरा काय ता सांग."

मी सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. काका-काकू परतल्यावर आम्ही दोघी रिक्षाने घाटकोपरला गेलो. काकूंसमोर ताई हात जोडून म्हणाल्या, "चूक आमची आहे." आमची म्हणाल्या. घरी आल्यावर त्यांनी ते पान पट्टी धरून आडवं खोडलं. त्यानंतर मला बोल लावला नाही की कामावरून काढलं नाही, फक्त जागा बघायला कधीच पाठवलं नाही. सहा वर्षं त्या स्वतःच जात राहिल्या. गुडघ्यांना पट्टे बांधून, प्रवासाला निघायच्या आधी दोन दिवस कण्हत. जिना उतरताना कठड्याला धरून त्या एकेक पायरी घ्यायच्या आणि मी वरून बघत उभी असायचे. त्या पायऱ्या माझ्यामुळे होत्या, हे मला रोज टोचत होतं.

मग त्यांची इमारत पुनर्विकासाला गेली. ताईंना मूलबाळ नव्हतं, यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, गुडघे पार गेले होते. तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायला त्या तयार नव्हत्या. "टॉवर उभा राहील गं, पण मी उभी राहायला हवी ना तोवर." त्यांनी वृद्धांसाठीच्या निवासांची माहितीपत्रकं मागवली. कारंजी, हिरवळ, हसणारे आजी-आजोबा. एके दिवशी त्यांनी ती सगळी माझ्यापुढे सरकवली.

"स्मिता, मला जागा हवीय. या वेळी परत यायचं नाहीये. मला जिने चढवत नाहीत. तू जा."

मी म्हटलं, "ताई, मी?"

"मग कोण? बुटीकवालं पोरगं?"

मी तीन ठिकाणी राहून आले. पहिल्या जागेत कारंजं होतं, पण वाईट खोलीतली बोलावण्याची घंटा पलंगापासून चार पावलांवर. दुसरीकडे जेवण सुंदर, पण आठ वाजता सगळ्यांच्या खोलीतले दिवे बंद करायचा हुकूम. तिसरी जागा बदलापूरच्या पुढे, एका निवृत्त नर्सबाईंनी चालवलेली, नऊ खोल्यांची. त्या स्वतः तिथेच राहायच्या. त्यांची सगळ्यात वाईट खोली कोपऱ्यातली होती. परत आल्यावर ताईंनी मला समोर बसवलं.

"खरा काय ता सांग."

"खिडकीतून शेजारची भिंत दिसते. पपईचं अर्धं झाड दिसतं. दुपारी ऊन येतं, पंखा आवाज करतो. नळ गळतो. समोरचा कुत्रा भुंकतो."

"भिंतीला हात लावलास?"

"चारही. कोरड्या आहेत. आणि ताई, मी न बोलावता बाई दोनदा डोकावून गेल्या. मी झोपलेय का बघायला."

ताईंनी बाकीची माहितीपत्रकं बाजूला सारली. मग म्हणाल्या, "नळ दुरुस्त करायला सांग."

त्या राहायला गेल्या त्या दिवशी बागेकडची एक मोठी खोली नुकतीच रिकामी झाली होती. नर्सबाईंनी कौतुकाने तीच उघडून दिली. मोगरा, झोपाळा, भरपूर वारा. मलाही वाटलं, देवच पावला. ताई काठी टेकत दारात उभ्या राहिल्या, आत बघितलं आणि वळल्या.

"छान आहे. पण हिच्यात कोण झोपलंय?"

"अहो ताई, ती कोपऱ्यातली सगळ्यात वाईट आहे," मी म्हटलं.

"असू दे. तिथे तू झोपून आलीयस ना? मग मला तीच."

मी तोंड फिरवून सामान उचलायला लागले.

त्या खोलीत ताई दीड वर्ष राहिल्या. पंख्याला त्यांनी नाव ठेवलं, कुत्र्याला पोळीची सवय लावली. फोनवर मला सांगायच्या, "पपई पिकलीय, तुझ्या वाटणीची ठेवलीय." गेल्या वर्षी दुपारच्या झोपेतच त्या गेल्या. त्यांचं सामान आणायला मी गेले तेव्हा नर्सबाईंनी उशीखालची वही माझ्या हातात दिली. शेवटच्या लिहिलेल्या पानावर बदलापूरची जागा होती. खाणं, बरं. पाणी, नळ दुरुस्त. पायऱ्या, नाहीत. वाईट खोली, कोरडी. शेवटच्या रकान्यात त्यांच्या थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, "आधी स्मिता, मग मी."