डेव्हिएशनवर घेतलेली सायकल

चाकणच्या एका कंपनीत मी गेली चौदा वर्षं लोकांचा माल मोजतोय. बाहेरून येणारे पार्ट मापात आहेत की नाहीत ते बघायचं आणि हिरवं लेबल लावायचं किंवा लाल, एवढंच माझं काम. हातात व्हर्नियरची मोजपट्टी असली की मी कुणाच्या बापाला भीत नाही. पुरवठादार माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे आणि खरं सांगायचं तर ते ऐकून मला बरंच वाटतं. त्यामुळे बायको जेव्हा म्हणाली, "अहो, मला एक चांगली सायकल घ्यायची का?" तेव्हा ही जबाबदारी माझ्याकडेच येणार हे ठरलेलं होतं.

आम्ही निगडीला राहतो. ती तळवड्याच्या एका कंपनीत स्टोअरला आहे. कंपनीची बस आहे, पण ती सगळ्या सेक्टरांची प्रदक्षिणा घालून जाते. तिच्यापेक्षा सायकलवर लवकर पोहोचता येईल, असा तिचा हिशोब. शिवाय तिच्या ऑफिसातल्या तीन-चार बायका रविवारी पहाटे भक्ती-शक्तीच्या चौकात जमून थेट लोणावळ्यापर्यंत सायकली हाणायच्या. त्यांचे फोटो ती मला दाखवायची आणि दाखवताना उगाच म्हणायची, "आम्ही शाळेत असताना भावाच्या सायकलवर नळदुर्गापर्यंत जायचो." हे वाक्य मी लग्नानंतर निदान पन्नास वेळा ऐकलं असेल.

मी कामाला लागलो. तीन आठवडे रोज संध्याकाळी फोनमध्ये डोकं. जाड टायरची, पुढे स्प्रिंग असलेली सायकल बाद केली, कारण ती वजनाला भारी आणि लोणावळ्यापर्यंत तिच्यावर पाय मोडून जातात. खाली वळलेल्या हँडलची, हलकी, रोड बाइकच घ्यायची हे नक्की केलं. मग त्यातही टायर जरा रुंद हवेत, कारण तळवड्याच्या रस्त्यावरचे खड्डे मी ओळखून आहे. मडगार्ड आणि कॅरिअर बसवायला फ्रेमला भोकं हवीत, कारण डबा पाठीवर घेऊन ती घामाघूम होईल. कंपनीतला एक जण म्हणाला, "राव, वहिनींना एवढं काय करायचंय, लेडीज सायकल घ्या की बास्केटवाली." मी त्याच्याशी दोन दिवस बोललो नाही.

माप तर असं घेतलं की विचारू नका. सायकलची फ्रेम माणसाच्या टांगेच्या लांबीवर ठरते. बायकोला भिंतीला टेकून अनवाणी उभं केलं, दोन पायांमध्ये एक जुना जाडजूड दिवाळी अंक वरपर्यंत दाबून धरायला लावला आणि त्याच्या वरच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलीने खूण केली. हे तीनदा केलं आणि सरासरी काढली. ती हसून हसून लाल झाली होती. "लग्नात शिंप्यानं बी एवढं माप घेतलं नव्हतं," म्हणाली. उत्तर आलं पन्नास नंबरची फ्रेम, जास्तीत जास्त एक्कावन्न. मी ते वहीत लिहून खाली रेघ मारली.

ज्या शनिवारी सायकल बघायला जायचं होतं, त्या दिवशी तिच्या स्टोअरची मालमोजणी निघाली. "तुम्हीच बघून घेऊन या," ती म्हणाली, "तुमच्या नजरेतून काय सुटत नाही." मी एकटाच गेलो.

हवी ती सायकल दुकानात होती. रंगसुद्धा तिला आवडणारा, मोरपंखी. फक्त पन्नास नंबर संपला होता आणि नवा माल यायला तीन आठवडे होते. मागच्या वर्षीच्या स्टॉकमधली चोपन्न नंबरची एक उरली होती, म्हणून तिच्यावर चांगली घसघशीत सूट होती. दुकानदार भला माणूस. त्याने बायकोची उंची विचारली आणि स्पष्ट सांगितलं, "सर, मॅडमना ही मोठी होईल. थोडं थांबा."

मी थांबलो नाही. मी म्हटलं, एकदा बसून तर बघू. गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. चोपन्न हे माझं माप आहे. गुडघे, कोपर, पाठ, सगळं जिथल्या तिथे बसलं आणि मला वाटलं की अशी सायकल आपल्याला उभ्या आयुष्यात कुणी दिली नाही. आम्हाला कॉलेजला जाताना गंजलेली चोवीस इंची होती, तीही चुलत्याची.

आता आमच्या कंपनीतली एक रीत सांगतो. माल मापात नाही, पण परत पाठवला तर लाइन थांबेल, अशी वेळ कधी कधी येते. मग साहेब येतो, पार्टकडे बघतो आणि म्हणतो, "डेव्हिएशनवर घेऊन टाका." म्हणजे माप चुकलंय हे मान्य, पण काम भागेल अशी सही करून घ्यायचं. हिरवंही नाही, लालही नाही, पिवळं लेबल. या पिवळ्या लेबलावरून मी किती जणांशी भांडलोय! आणि त्या दिवशी दुकानात उभा राहून मी स्वतःच साहेब झालो. सीट खाली घेऊ, हँडलचा पुढचा दांडा आखूड टाकू, काम भागेल. तीन आठवडे कशाला थांबवायचं तिला? असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण हे की ती सायकल मला माझ्यासाठी हवी होती आणि तसं म्हणायची लाज वाटत होती. घरी नेऊन मी फक्त म्हणालो, "सूट मिळाली." ती इतकी खूश झाली की तिने सायकलला हळदीकुंकू वाहिलं.

पहिल्या आठवड्यातच रडगाणं सुरू झालं. तिचं नाही, तिच्या अंगाचं. सिग्नलला पाय जमिनीला नीट टेकत नव्हता, तिला दर वेळी उडी मारून उतरावं लागायचं. एकदा तोल गेला आणि रिक्षाशेजारी आडवी झाली, गुडघा सोलवटला. हात लांब ताणून धरल्याने बोटांना मुंग्या यायच्या, मान धरायची. मी रोज संध्याकाळी पाने घेऊन बसायचो. सीट अजून खाली, दांडा अजून आखूड. आणि दर वेळी तज्ज्ञाच्या आवाजात म्हणायचो, "सवय होईल."

रविवारच्या मैत्रिणींबरोबर ती लोणावळ्याला निघाली आणि वाटेतल्या सोमाटणे फाट्यावरूनच सायकल टेम्पोत टाकून परत आली. दारात चपला काढता काढता म्हणाली, "नाही जमत मला. वय झालं आता." तेव्हा ती एकोणचाळीस वर्षांची होती. मी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं, पण त्यातून निघालं ते, "चहा टाकू का?"

यानंतरचं सांगायला मला जास्त जड जातं. सायकल गॅलरीत उभी राहिली, हँडलवर टॉवेल वाळू लागले. महिनाभराने तीच म्हणाली, "पडून गंजंल. तुम्ही तरी चालवा." मी दोनदा नको म्हणालो आणि तिसऱ्यांदा सीट वर केली. लोणावळ्याला मी जाऊन आलो, एकदा नाही, चार वेळा. ती पहाटे उठून मला पोळीचा रोल करून द्यायची. मी येताना तिला चिक्की आणायचो. उतारावर वारा लागायचा तेव्हा मी इतका सुखी असायचो की मागाहून स्वतःची किळस यायची. आणि तरी पुढच्या रविवारी जायचो.

त्यात भर म्हणजे कौतुक. तिच्या भावाकडे जेवायला गेलो, तर तो चारचौघांत म्हणाला, "दाजींसारखा नवरा पाहिजे. बायकोला एवढी महागाची सायकल कोण घेऊन देतं?" तीही हसत म्हणाली, "त्यांनी लाख दिली, पण माझ्या अंगातच दम नाही त्याला काय करायचं." सगळे हसले. मी पण हसलो.

असं वर्ष गेलं. मग एका सकाळी ती डबा भरताना सहज बोलली की त्यांच्या कंपनीत स्टोअरच्या बायकांना स्टॅकर चालवायचं ट्रेनिंग देणार आहेत. स्टॅकर म्हणजे माल उचलून वरच्या रॅकवर ठेवायची छोटी गाडी. ते आलं की हुद्दा वाढतो. मी विचारलं, "नाव दिलंस ना?" ती म्हणाली, "नाही दिलं. साधी सायकल नाही जमली मला, स्टॅकर काय जमायचाय." आणि डब्याचं झाकण लावलं.

त्या दिवशी कंपनीत मी एकही पार्ट धड मोजला नाही. माझ्या एका सहीने ही बाई स्वतःलाच लाल लेबल लावून बसली होती.

तरीही मी भेकडासारखाच वागलो. तिला सरळ सांगायचं सोडून, येत्या रविवारी थेरगावच्या बाजाराला जाऊ म्हणालो. डांगे चौकाच्या मागे एका चाचांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. माझी चेन तेच बदलतात. त्यांच्याकडे एक वापरलेली रोड बाइक विकायला आली होती, एकोणपन्नास नंबरची. मी आधी फोन करून विचारून ठेवलं होतं. माझा बेत असा की चाचाच बोलतील आणि मी सुटेन.

चाचांनी तिला वरून खालपर्यंत पाहिलं, सीटची उंची कमरेशी ताडली आणि म्हणाले, "ताई, एक चक्कर मारून या. ब्रेक एकदम दाबू नका, बस." नको नको म्हणत ती सीटवर बसली. पाय टेकले. दोन्ही पाय टेकले, हे तिने खाली वाकून पाहिलं. मग गेली. गल्ली संपली तरी थांबली नाही, वळून दिसेनाशी झाली. दहा मिनिटांनी परत आली ती उभी राहून पेडल मारत, ओढणी कमरेला खोचलेली, केस सुटलेले.

"हिच्यावर हात नाही दुखले," ती चाचांना म्हणाली.

"कसे दुखतील? ही तुमच्या मापाची हाय. पहिली लई मोठी होती ना तुमची, भाऊंनी सांगितलं फोनवर. दुकानवाल्यानं फसवलं असंल."

ती माझ्याकडे वळली. सुटायची वाट चाचांनी मोकळी करून ठेवली होती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"दुकानदाराने सांगितलं होतं," मी म्हणालो. "थांबा म्हणाला होता. ती माझ्या मापाची होती. मला आवडली, म्हणून मी घेतली."

चाचा पाना उचलून आत गेले. ती सायकलवरून उतरली नाही. हँडलवरचे स्वतःचे हात बघत राहिली. मला वाटलं ओरडेल, रडेल, निदान माझी अक्कल काढेल. मी त्याची तयारी करून आलो होतो.

"म्हणजे मला येत होतं," ती म्हणाली.