एनॉक टॅरंटची बुजवलेली चूल

एनॉक टॅरंटला मी कधी स्वस्थ बसलेला पाहिला नाही. माझा शेजारी, हातमोजे शिवायचा. पण दोन टाके घातले की उठून दारात. लंडनहून कुणी आलं का? राजानं पार्लमेंट बरखास्त केलं का? अठरा वर्षं हेच.

त्याला कारण होतं. राजा परदेशातून गादीवर परतला, त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही कोम्बरीकरांनी सर हंफ्री व्हीटलींना निवडून दिलं. एनॉकनं तर त्यांना खांद्यावर मिरवलं. साहेब लंडनला गेले आणि होकार देऊन बसले तो चूलपट्टीला. दर चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग! एनॉक इतका भडकला, की त्यानं आपली चूल विटांनी बुजवली, वर चुना फासला आणि पलीकडं बहिणीकडं, थॉमझिनकडं जेवायला लागला. लपवलेली चूल सापडली तर दुप्पट पट्टी, हे ठाऊक असूनही.

"पुढच्या खेपेला पाडतोच की नाही बघ त्याला," तो मला म्हणायचा.

पण निवडणूक होईल तर ना! त्या पार्लमेंटशी राजाचं चांगलं जमलं होतं, तो ते बरखास्तच करेना. एनॉकचे केस पिकले, दात गेले. अखेर एका जानेवारीत बातमी आली, पार्लमेंट बरखास्त. एनॉक नाचायचाच बाकी राहिला.

थॉमझिन म्हणाली, "दादा, मत कशाच्या जोरावर देणार? चूल कुठाय तुझी?"

आमच्या गावी ज्याचं भांडं स्वतःच्या चुलीवर उकळतं, त्यालाच मत. रागाच्या भरात हा शहाणा तेच विसरला होता. तो मटकन खाली बसला, आणि लगेच उठून येरझारा घालू लागला.

"नाही म्हणावं तर मत जातं. आहे म्हणावं तर इतक्या वर्षांची पट्टी, तीही दुप्पट. पुरता बुडेन रे मी!"

मतदानाच्या सकाळी रीतीप्रमाणे मतदार दारात भांडी मांडून उभे होते. एनॉकच्या घरातून मात्र घणाचे घाव ऐकू येत होते. मग विटा बाहेर येऊन पडल्या. दुपार व्हायच्या आत काजळीनं माखलेला एनॉक वाटाण्याचं उकळतं भांडं घेऊन बाहेर आला. समोर नगराधिकारी, आणि त्याच्याशेजारी पट्टी वसूल करणारा चूलवाला.

"ही चूल केव्हाची?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"बापाच्या वेळची. माझीच आहे, लपवली होती. दंड काय लिहायचा तो लिहा. पण माझं मत व्हीटलीच्या विरोधात, तेही लिहा!"

"दादा, भिकेला लावलंस रे!" थॉमझिन रडायलाच लागली.

मग अधिकारी माझ्या दाराशी आला. "तुझी चूल?"

"मला कुठली चूल, साहेब? मी भावजयीकडं जेवतो," मी म्हणालो. पाठीमागच्या चुना फासलेल्या भिंतीकडं मी वळूनही पाहिलं नाही.

सर हंफ्री सात मतांनी निवडून आले. चूलवाल्यानं एनॉकचा पलंग नेला, कातडी नेली, कात्र्याही नेल्या. तरी तो माझ्याकडं आला तो बोटं मोजतच.

"सातच रे! आणखी आठ माणसं कुठून मिळाली असती तर?"

लाजेनं मला त्याच्याकडं बघवेना. आमच्या गल्लीत बुजवलेल्या चुली, माझी धरून, अजून अकरा होत्या.