गरम गंगा

सून पाणी उकळून देते. त्याचा तो मेलेला वास आला की मी पुन्हा नाशकातल्या दवाखान्यात जाऊन उभी राहते.

एकोणीसशे पस्तीस साल असेल, पौषातली सकाळ. मी नवशिकी नर्स होते. त्र्यंबकच्या एका आजींची डॉक्टरांनी आशा सोडली होती आणि त्यांना घोटभर गंगा हवी होती. नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात. मी धावत जाऊन रामकुंडावरून तांब्या भरून आणला आणि शिकवल्याप्रमाणे पाणी आधी उकळलं.

चमचा ओठांना लागताच आजी म्हणाल्या, "गरम का गं गंगा?"

"उन्हानं तापली असेल, आजी."

"पौषात?"

त्यांनी ओठ मिटले, ते पुन्हा उघडलेच नाहीत.

अजूनही मी सुनेनं दिलेला पेला ओठांना न लावता हातात घेऊन घरभर फिरत राहते. त्या वाचणार नव्हत्याच. मग जंतू मी कुणासाठी मारले?