विनूदादाचा बिननाटकाचा डाव

माझा मावसभाऊ विनूदादा ठग होता.

आज सकाळी देवासला तो वारला.

शाळेत पी.टी.चा सर. सुट्टीला मात्र इंदूर, उज्जैन, धार इथली बिलियर्ड्स-पूलची पार्लर्स. स्टिक मुद्दाम वाकडी धरायची, सोपे बॉल चुकवायचे, समोरच्याला हसू द्यायचं. पैज वाढली की याचा हात सरळ!

माझ्या कादंबरीतला पूलवाला तोच. नाव बदललं, पण धारची एक बाजी जशीच्या तशी लिहिली. त्यानेच रंगवून सांगितली होती.

"लिही रे बिनधास्त. इथे मराठी वाचतंय कोण?"

मग हिंदी अनुवाद आला.

एका रविवारी दुपारी आम्ही देवासच्या पार्लरमध्ये होतो. एक आडदांड माणूस आत आला. हातात माझं पुस्तक. त्याने शटर अर्धं खाली ओढलं.

"इसमें जो नई मोटरसाइकिल हारके पैदल घर जाता है, वो मैं हूँ. धार से आया हूँ."

मी पुढे झालो. "भिया, ये तो कहानी है..."

"तू चुप."

त्याने दादाचा उजवा हात टेबलावर दाबला. दुसऱ्या हाताने स्टिक उगारली, जाड बाजूने.

"तू ही है ना?"

नाही म्हण, दादा. नाही म्हण.

"हाँ भिया, मैं ही हूँ. तोड़ना है तो तोड़. पर पहले एक गेम खेल ले. बिना नाटक का."

त्याने स्टिक खाली घेतली. मग हात सोडला.

दादाचा खरा खेळ मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मनगटावर लाल वळ, पण स्टिक जराही थरथरली नाही. एकामागून एक बॉल आत. धारवाल्याची पाळीच आली नाही.

शेवटचा बॉल पडला. धारवाल्याच्या मुठीत स्टिक तशीच. मी मध्ये जाऊन उभा राहिलो.

"उस दिन ऐसे खेलता, तो भी हारता मैं," तो म्हणाला. आवाज फाटला होता. "पर घर जाके बोलता, उस्ताद से हारा. तूने तो गधा बना दिया."

दादाने मला बाजूला केलं. वाकून त्या आपल्यापेक्षा वयाने लहान माणसाच्या पायांना हात लावला.

"माफ कर दे, भिया."

तो स्टिक ठेवून निघून गेला.

त्यानंतर दादाने पैज लावली नाही. त्या दिवशी घरी येताना एवढंच म्हणाला,

"जिंकलेलं सगळं आठवतं रे मला. हरलेल्यांची तोंडं कधी बघितलीच नव्हती."

ये आता, दादा. शेवटचा नमस्कार तुला.