नऊ दिवसांत ब्रह्मविद्या

आमच्या समता कॉलोनीतले अच्युतराव चिटणवीस एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. छत्तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं: जाडजूड फाइलीचं एकपानी टिपण करून साहेबांपुढे ठेवायचं. साहेब टिपण वाचून सही करत; फाइल कोणी उघडत नसे. मी चालवते त्या थिऑसॉफीच्या, म्हणजे ब्रह्मविद्येच्या, अभ्यासवर्गातही ते हीच सवय घेऊन आले.

आम्ही दर गुरुवारी मूळ ग्रंथ वाचतो. एक परिच्छेद, मग भांडण. अकरा वर्षांत दोनशे बारा पानं झाली. अच्युतरावांनी त्याच ग्रंथाची संक्षिप्त आवृत्ती नऊ दिवसांत संपवली आणि दहाव्या दिवशी आम्हालाच शिकवायला लागले.

"ताई, काहून दळत बसल्या एवढं? सार तर हातात आहे न."

"काढलं कोणी ते सार?"

"असंल कोणी हुशार माणूस!"

त्यातलं एक वाक्य त्यांचं फार लाडकं: 'आत्म्याला घाई नसते, घाई माणसाला असते.' गोल बाजारातून फ्रेम करून आणून त्यांनी ते दिवाणखान्यात टांगलं. नातीच्या लग्नपत्रिकेत छापलं. दोन शोकसभांत ऐकवलं.

यंदाचं वार्षिक व्याख्यान त्यांना मिळालं. सहा वर्षं वाट पाहिली होती बिचाऱ्यांनी. विषय अर्थात तेच वाक्य. मी अट घातली: मूळ ग्रंथातला पानाचा आकडा द्या, नाहीतर व्याख्यान दुसऱ्याला. ते वाक्य मुळात नाही, हे मी सगळे खंड चाळून केव्हाच पाहिलं होतं. पण नुसतं सांगून त्यांना पटलं असतं थोडंच!

तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या पत्नीचा, रमावहिनींचा फोन.

"ताई, हे धड जेवून नाही राहिले. भिंग घेऊन बसले आहेत. कोणत्या पानावर आहे ते सांगून टाका न!"

"कुठेच नाही, वहिनी. ते सार काढणाऱ्याचं स्वतःचं वाक्य आहे."

फोन स्पीकरवर असावा. मागून अच्युतराव ओरडले, "म्हणजे टिपण लिहिणाऱ्या बाबूनं आपल्या पदरचं घुसवलं?"

"तुम्ही कधी नाही घुसवलंत?"

ते फोनजवळ आले आणि हळूच म्हणाले, "एकदा. एका गावचा पूल दुसऱ्या गावी गेला."

"मग हेच सांगा व्याख्यानात."

"लोक हसतील न, ताई."

"हसू द्या!"

व्याख्यान त्यांनीच दिलं. वाक्य मुळात नाही, हे पहिल्याच मिनिटाला कबूल केलं आणि पुढे पाऊण तास त्या पुलावर बोलले. थिऑसॉफी त्यात जेमतेमच होती. पण आमच्या वर्गात पहिल्यांदाच कोणी झोपलं नाही.