साहेबाचा आवाज

साल एकोणीसशे एकसष्ट, मी वीस वर्षांचा. आठवलं मात्र परवा, इथं जपानात. मुलानं एदोगावातल्या हॉलमध्ये जुना मुका सिनेमा दाखवायला नेलं. पडद्याशेजारी उभा राहून एक जपानी माणूस सगळ्या पात्रांचं एकटाच बोलत होता. मी म्हटलं, "हे काम मी केलंय."

"बाबा, काहीही!"

काहीही नाही. मी तंबू सिनेमात मशीन चालवायचो. बोलपट नवे होते तेव्हाचा एक विलायती सिनेमा लागला होता, आणि ऐन खेळात आवाज गेला. लोक खवळले. मालक म्हणाला, "आता पडदा फाडतात!" मी चौथी नापास, इंग्रजी शून्य. तरी जाहिरातीचा पत्र्याचा भोंगा उचलला. पडद्यावर मिशीवाला साहेब मडमेला फूल देत होता. मी ओरडलो, "घे गं, चोरून आणलंय!" अख्खा तंबू हसला. मशीनच्या दिव्यात जळणाऱ्या कार्बनचा धूर, घामानं चिकटलेला सदरा आणि शिट्ट्याच शिट्ट्या!

तेव्हा वाटलं, पडदा वाचवला. आता वाटतं, तो साहेबाचं काम करणारा नटही मुक्या सिनेमातूनच बोलपटात आला असेल, आपला आवाज लोकांना चालेल का या धास्तीत. आमच्या गावात तरी चालला.

त्या खेळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुन्याची बादली घेतली आणि जाहिरातीच्या फळीवर साहेबाच्या नावाखाली माझं नाव लिहिलं. जरा मोठंच.